कागदाला हात न लावणारे भावोजी

आमचे थोरले दीर जन्मभर कोर्टात टाइपरायटर दुरुस्त करत होते. यंत्रात तेल सोडताना बाजूला वकिलांची बोलणी कानावर पडत. तेवढ्या भांडवलावर भावोजींनी स्वतःला कायद्याचे जाणकार ठरवून टाकलं. कोणाची वाटणी असो, कोणाचा घटस्फोट, हे न बोलावता हजर. पाय लांब करून चहा मागायचा आणि सुरू व्हायचं, "कायदा काय म्हणतो, ऐका." कायदा बिचारा काहीच म्हणत नसे, हेच म्हणत.

त्यांच्या या ज्ञानापायी धाकट्या वन्संचं घर जाता जाता राहिलं, म्हणून आज सविस्तर लिहिते.

वन्संना यजमान नाहीत. भाड्याच्या दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत शिवणयंत्र, त्यावर त्यांचं पोट. घरमालकाला त्या खोल्या मुलासाठी हव्या होत्या. त्याने दावा लावला आणि कोर्टाचा बेलिफ समन्स घेऊन दारात आला. नेमके तेव्हा भावोजी तिथेच चहा पीत बसलेले.

"हात लावू नकोस!" ते ओरडले. "कागद घेतलास की केस लागली. घेतलाच नाही तर तुझ्यावर लागणार कशी?"

बेलिफ भला माणूस होता. म्हणाला, "बाई, घ्या. न घेतल्यानं काही टळत नाही."

"आम्हाला शिकवू नका. कोर्टात हयात गेलीय माझी," भावोजी म्हणाले आणि दार लोटलं.

बेलिफाने शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन कागद दारावर चिकटवला. तो गेल्यावर भावोजींनी कोमट पाण्याने भिजवून, सुरीने खरवडून काढला आणि पिकलेल्या मिशीवरून हात फिरवला. "संपलं! आता बसा म्हणावं." वन्संनी भावावर विश्वास ठेवला. तारखेला त्या घरीच बसून कोणाचा तरी झगा शिवत होत्या. तिकडे कोर्टाने त्यांच्या गैरहजेरीत निकाल दिला, खोल्या रिकाम्या करा.

वन्सं रडत माझ्याकडे आल्या. मी देवापुढे दिवा लावला, मग त्यांचा हात धरून वकीलबाईंकडे नेलं. देव बुद्धी देतो, चालावं आपल्यालाच लागतं.

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. "समन्स नाकारलं की ते मिळाल्यातच जमा होतं, हो. निकाल रद्द करून मागता येईल, पण गैरहजर का राहिलात ते पटवावं लागेल. तुमच्या भावाने सल्ला दिला होता ना? मग ते त्यांनी शपथेवर सांगावं."

वन्संनी भावोजींना हे सांगितलं तर त्यांची मानच कडक झाली. "मी? कोर्टात मला मान आहे! त्यापेक्षा सांग, समन्स आलं तेव्हा आजारी होते, अंथरुणावर होते."

"त्या बेलिफाने मला दारात उभी पाहिलंय, दादा."

"मग बाहेरगावी होते म्हण."

"दारात उभी होते, आणि बाहेरगावी?"

"तुला कायद्यातलं काय कळतं?" असं म्हणून ते पाठीत उसण भरल्याचं सांगत आडवे झाले. सुनावणीपर्यंत उसण काही उतरली नाही. जेवणाच्या वेळी मात्र उतरायची.

वन्सं एकट्या साक्षीला उभ्या राहिल्या. मी मागच्या बाकावर जप करत होते. त्यांनी काही लपवलं नाही. समन्स आलं, भावाच्या सांगण्यावरून घेतलं नाही, चूक झाली.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "भाऊ वकील आहेत?"

"नाही साहेब. टाइपरायटर दुरुस्त करायचे."

सगळी खोली हसली. न्यायाधीशांनी वन्संना चांगलं झापलं, पण एक संधी दिली. निकाल रद्द झाला, दावा पुन्हा चालणार. खोल्या राहतील की नाही ते पुढे ठरेल, पण निदान त्यांचं म्हणणं ऐकलं तरी जाईल.

संध्याकाळी भावोजी ताठ पाठीने हजर. "बघितलंस? वेळ कसा काढून दिला तुला! आता पुढच्या तारखेला मी येतो, बाजू कशी मांडायची ते—"

वन्सं यंत्रावरून उठल्या नाहीत. "दादा, चहा घे हवा तर. पण तारखेला तू यायचं नाहीस. आणि वकीलबाईंकडेही नाही."

"मी तुझा थोरला भाऊ आहे!"

"म्हणून तर चहा विचारला."

त्यांनी चहा घेतला. साखर कमी आहे म्हणाले. वन्संनी डबा पुढे सरकवला आणि शिवण सुरू केली.

देवा, त्या न्यायाधीशांना उदंड आयुष्य दे. भावोजींसाठी काय मागावं, ते अजून सुचलेलं नाही.