सात एकांची संख्या

वडिलांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, मॅट्रिकच्या वर्गाला गणित शिकवायला मिळणं. पदवी नव्हती, म्हणून परळच्या शाळेत त्यांच्या वाट्याला कायम चौथी आली.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत संचारबंदी लागली, शाळा बंद पडली. वडिलांनी घरात बसून सात एक ओळीने मांडले: ११,११,१११. संख्या विषम, उलटी वाचली तरी तीच. तीन, सात, अकरा यांनी भाग जात नाही. मग ती मूळ संख्या असेल का? हजाराच्या जरा पुढपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं, कुठेच शून्य बाकी आली नाही की सिद्ध झालं. प्रत्येक भागाकार झाला की नवाचा ताळा. अंकांच्या बेरजेतून नऊ काढत जायचं, दोन्ही बाजू जुळल्या की गणित बरोबर. त्या पिढीचे मास्तर देवापेक्षा ताळ्याला जास्त मानत.

चाळीच्या कमिटीचे सेक्रेटरी दारातून डोकावून म्हणाले, "मास्तर, सातजण एका रांगेत नि फूट नाही? आमच्या कमिटीत आणून बसवा त्यांना."

संख्या मूळ ठरली आणि कमिटीने सार्वजनिक पूजेत वडिलांचा सत्कार ठेवला. पाहुणे म्हणून शाळेच्या चालक मंडळातले एक गृहस्थ आले. मॅट्रिकचा वर्ग त्यांच्या एका शब्दावर होता. मराठी माणसाच्या बुद्धीवर ते बराच वेळ बोलले. मुंबई मिळायची बाकी होती, बुद्धी मिळालेलीच होती. मग म्हणाले, "मास्तर, एखादा भागाकार करून दाखवा की."

वडिलांनी मुद्दाम दोनशे एकोणचाळीस घेतले. घरी त्याची बाकी छत्तीस आली होती. तीन नि सहा नऊ, ते सोडून द्यायचे. ताळा लोकांना चटकन कळला असता.

फळ्यावर भाग लागत गेला. शेवटी नऊ वेळा दोनशे एकोणचाळीस, एकवीसशे एक्कावन्न. वर एकवीसशे एक्कावन्नच होते.

बाकी शून्य.

टाळ्यांचा कडकडाट झाला. गणित सुटलं की शून्य येतं, एवढं चाळीला ठाऊक होतं. पाहुण्यांनाही तेवढंच ठाऊक असावं. शाल पांघरली गेली, नारळ हातात आला. वडील फळ्याकडेच पाहत होते.

घरी आल्यावर त्यांनी मला कारण सांगितलं. आधी घरी केलेल्या भागाकारात २१५१ च्या जागी त्यांनी २११५ उतरवले होते, म्हणून तिथे छत्तीस उरले होते. शेजारचे अंक उलटसुलट झाले की फरक नऊच्या पटीत पडतो, आणि नवाच्या ताळ्याला तेवढाच फरक दिसत नाही.

"पण कुणाच्या लक्षात आलं नाही, दादा," मी म्हणालो.

"तेच तर," ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात पाहुण्यांचा निरोप आला: मास्तरांनी मॅट्रिकच्या वर्गासाठी अर्ज करावा, आम्ही पाहू. वडिलांनी अर्ज केला नाही. जूनमध्ये ते चौथीच्या वर्गावर गेले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले.