डी. डी.

कोणी हाक मारलेली नसते, आणि आमचे हे भरदुपारी खुर्चीतून उठतात. "येस, मिसेस हॉब्स?" म्हणतात. बाई जाऊन पाच महिने झाले.

ह्यांनी, म्हणजे मुरलीधररावांनी, पुण्यात बत्तीस वर्षं बँकेत काढली. कागद वाचावा तर आपणच, हा तोरा लंडनच्या हाउन्सलोला लेकीकडे राहायला आल्यावरही गेला नाही. म्हणून शेजारच्या मिसेस हॉब्सनी ह्यांनाच गळ घातली. सत्त्याऐंशी वर्षांची बाई, डोळ्यांना जवळजवळ दिसत नसे. तिचे वडील रॉयल मरीन्समध्ये, म्हणजे ब्रिटिश नौदलाच्या सैनिकांत होते, १९४३नंतर घरी आलेच नाहीत. लढाईत गेले की आम्हाला टाकून गेले, हे आईने मरेपर्यंत सांगितलं नाही. डोळे मिटण्याआधी तेवढं एकच बाईला कळायला हवं होतं.

हे बसने क्यू भागातल्या अर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे सरकारी दफ्तरखान्यात गेले, तिच्या वडिलांची फाइल मागवली. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं 'डिस्चार्ज्ड', आणि पुढे 'डी. डी.' ह्यांना विचारसुद्धा करावा लागला नाही. डी. डी. म्हणजे डिमांड ड्राफ्ट! माणसाला नोकरीतून मोकळं केलं आणि पैसे ड्राफ्टने दिले. ऐटीत येऊन सांगितलं, "गुड न्यूज, मिसेस हॉब्स! ही सर्वाइव्ह्ड."

ती म्हणाली, "म्हणजे त्याला यायचंच नव्हतं." त्यानंतर तिने वडिलांचं नाव काढलं नाही.

तीन आठवड्यांनी हे पुन्हा क्यूला गेले, तो माणूस पुढे कुठे गेला ते शोधायला. काउंटरवर दिया नावाची, क्रॉयडनमध्ये वाढलेली मराठी मुलगी होती. ती म्हणाली, "काका, तुमचा चूक झाला. डी. डी. म्हणजे डिस्चार्ज्ड डेड. ही डाइड इन सर्व्हिस."

घरी आले ते कोटासकट जिन्यावरच बसले. "सुनेत्रा, मेलेल्या माणसाला मी पळपुटा केलं गं." मी चिडलेच. "अहो, आधी विचारलं असतंत तर काय बिघडलं असतं?" मग मलाच रडू आलं, आणि आम्ही दोघं शेजारी गेलो.

ह्यांनी कागद तिच्या हातात दिला, सगळं सांगितलं, माफी मागितली. तिने अक्षरांवरून बोट फिरवलं, पण बोटाला काय कळणार? हे खरं आहे अशी मी शपथ घेतली. दियाला फोन लावून तिच्या कानाशी धरला. मिसेस हॉब्स सगळं ऐकून घेत होती.

"तुम्ही सगळेच किती चांगले आहात," ती म्हणाली आणि ह्यांचा हात थोपटला. "पण मुरली, माझ्या समाधानासाठी त्याला मारायची गरज नाही."

अकराव्या दिवशी ती गेली. वडिलांवर रागावलेलीच गेली.