आज मी ‘पिंजऱ्यात’ बसले

मंडळी, आज सकाळी गंगापूर रोडला माझ्यासमोर एका कारने भाजीवाल्या मावशींना उडवलं आणि ती न थांबता निघून गेली. मावशींचा पाय मोडलाय. कारचा नंबर फक्त मी पाहिला होता.

मी ११२ ला फोन केला. पोलिसांची गाडी आली. लेडी कॉन्स्टेबल म्हणाल्या, “जबाब द्यायला चला ताई, बसा.”

मी एक पाऊल मागे सरकले. शाळेआधी मला आजोबांनी घरीच शिकवलं. या गाडीला ते पिंजरा म्हणायचे, आणि आपल्या घरातलं कुणी त्यात बसत नाही, हेही त्यांनीच शिकवलं.

“पिंजऱ्यात नको, मी स्कूटीवर मागून येते,” मी म्हणाले.

त्या हसल्या. “पिंजरा माझे वडील म्हणायचे. आता पोरं ‘एकशेबारा आली’ म्हणतात. एवढ्या घाबरलात, स्कूटी कशी चालवाल?”

गर्दीत आमच्या शेजारच्या काकू टक लावून बघत होत्या. “काकू, साक्ष द्यायला चाललेय,” असं सांगून मी बसले. पोलीस ठाण्यात नंबर दोनदा आठवून लिहून दिला, सही केली. कोर्टात बोलावलं तर तिथेही जाणार आहे.

तुमच्याकडे या गाडीला काय म्हणतात? आणि तिच्यात बसावं लागेल म्हणून तुम्ही कधी गप्प राहिलात का?