एक नंबर दाबले, आवाज नाही

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. इतवारीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी चौदा वर्षांपासून बिल्ट्या बनवते. कोणाचा किती माल ट्रकमध्ये चढला, कुठे उतरणार, त्याचा कागद म्हणजे बिल्टी. बाहेर हमालांची ओरड, समोर ड्रायव्हर टेबलावर हात आपटतोय, तिथे गोड बोलून काही होत नाही. ते तोंड मी तसंच घरी घेऊन यायचे. बाबांना लकवा झाला, त्यानंतरही.

बाबांची डावी बाजू गेली. उजवा हात चालायचा, डोकं तर एकदम ठणठणीत. पण जीभ वळेना, आवाजही खोलीबाहेर जाईना. ते बोलायचे आणि आम्ही दोघी मायलेकी त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचो. काही सांगायचं असलं की कागदावर लिहून द्यायचे. पण आई स्वयंपाकघरात असली तर तिला हाक कशी मारणार? आईने बाजारातून टेबलावरची घंटी आणली. बाबांनी ती हाताने ढकलून खाली पाडली आणि लिहून दिलं, ‘घंटी साहेब वाजवतो, चपराशी येतो. तुझ्या मायला मी घंटी वाजवून बोलावणार नाही.’

मग मलाच सुचलं. माझ्या मोबाईलमध्ये त्यांचा एक जुना व्हॉइस मेसेज होता. मला भाजीचं काहीतरी विचारता विचारता मध्येच ते आईला हाक मारतात, “अवं, इकडे ये ना वं जरा!” तेवढाच तुकडा मी कापून घेतला, एक नवा लॅपटॉप आणला आणि वरच्या रांगेतल्या एफ-वनवर, म्हणजे एक नंबरच्या बटनावर, ती हाक बसवली. एफ-वन दाबलं की बाबांची हाक, त्यांच्याच आवाजात. मी दाबून दाखवलं. आई पदर तोंडाला लावून आत निघून गेली. बाबा माझ्याकडे बघून अर्ध्या तोंडाने हसले. त्या दिवशी मला स्वतःचा भारी अभिमान वाटला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले तर लॅपटॉपचा आवाज बंद. मी आवाज वाढवला, बटन दाबलं, हाक आली. “बाबा, आवाज काहून बंद केला?” त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. मी माझ्यासमोर दाबायला लावलं. त्यांनी बोट उचललं, नेम धरून एफ-वनवर ठेवलं, हाक नाही. मी आवाज वाढवून दाबलं की हाक. मी म्हटलं, दाबून धरता तुम्ही, हलकं दाबा. त्यांनी हलकं दाबलं. नाही. मी म्हटलं, बाजूचं कुठलं तरी लागत असेल.

दहा-बारा दिवस हे चाललं. एका संध्याकाळी माझ्या डोक्यात तिडीक गेली. दिवसभर ऑफिसात एका ड्रायव्हरशी भांडून आले होते, आणि इथे पुन्हा आवाज बंद. मी ओरडलेच, “कोराडीले तीस वर्षं बटनं दाबली ना तुम्ही? आख्खं पॉवर हाऊस चालवलं म्हणता, अन् हे एक बटन दाबता येऊन नाही राहिलं?”

बाबा कंट्रोल रूममध्ये होते. आख्खं नसेल, पण पॉवर हाऊसचा एक भाग त्यांच्या बोटांवर चालायचा, आणि तीस वर्षांत चुकीचं बटन दाबलं असं त्यांच्याबद्दल कोणी म्हटलेलं नव्हतं. ते पहिल्यांदा मी म्हटलं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. आई म्हणाली, “कशाले बोलतेस वं असं? ते वहीत काही लिहून राहिले रोज. तुले वाचाले दे म्हणतात.”

“नंतर वाचते,” मी म्हटलं. त्यांची ती सवयच होती. ड्युटीवर तासातासाला नोंद करायचे, रिटायर झाल्यावर घरातल्या पाण्याच्या मोटारीचीही करायचे. मला वाटलं, त्यातलंच काहीतरी असेल. मी जेवले आणि झोपले.

त्यानंतर चारच दिवसांनी, अकराच्या सुमारास ऑफिसात आईचा फोन आला. बाबा पडले होते. बाथरूमला जायचं होतं आणि कोणी आलं नाही, म्हणून एकटेच उठले. आई भिंतीपलीकडे, स्वयंपाकघरात कणीक मळत होती. धावत गेले तोवर शेजाऱ्यांनी त्यांना दवाखान्यात नेलं होतं. पडताना त्यांनी उजवा हात टेकला आणि मनगट मोडलं. एकच हात धड होता, तोही कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये गेला. बाहेर राहिली फक्त बोटांची टोकं. पेन धरणं संपलं. आता त्यांच्याजवळ ते एक बटनच होतं, आणि ते चालत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी घेतली. दुपारी बाबांची चादर नीट करताना उशाजवळची वही उचलली आणि उघडली. आईला पट्टी धरायला लावून त्यांनी रकाने पाडले होते. वेळ, काय केले, काय झाले, कारण, सही. कारण आणि ते शोधणाऱ्याची सही, हे दोन रकाने रिकामे. प्रत्येक पानावर.

‘सकाळी ९.१५. एक नंबर दाबले. आवाज नाही. पडद्यावर कर्ण्याचे चित्र, त्यावर फुली.’ ‘१२.३०. एक नंबर दाबले. आवाज नाही. फुली गेली. पुन्हा दाबले. फुली आली.’ ‘सायंकाळी ६. मुलीने दाबले, आवाज आला. मुलीचा डावा हात खाली कोपऱ्यात असतो. तपासावे.’ हे सातव्या दिवसाचं होतं. मी ओरडले त्याच्या चार-पाच दिवस आधीचं. आणि शेवटची नोंद, ‘१०.४० एक नंबर. आवाज नाही. १०.४२ पुन्हा. नाही. १०.५० स्वतः उठतो.’

मी माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं. माय वं! चौदा वर्षं तो हात खालच्या कोपऱ्यातलं एफएनचं बटन दाबतो आहे. ऑफिसच्या लॅपटॉपवर ते दाबून धरल्याशिवाय एफ-वन, एफ-टू चालतच नाहीत, नुसतं दाबलं तर आवाज नाहीतर उजेड कमी-जास्त होतो. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ते शिकले आणि नंतर विसरूनही गेले. हात मात्र आपोआप जातो. या नव्या लॅपटॉपवर नुसतं एफ-वन दाबलं की आवाज बंद, पुन्हा दाबलं की चालू; हाक मात्र एफएन धरलं तरच. म्हणजे बाबा आईला हाक मारायचे, आणि तीच हाक बंद व्हायची. जितकं बरोबर दाबायचे, तितकी बंद. आणि मी त्यांना शिकवत होते, हलकं दाबा म्हणून!

दोन्ही बटनं एकदम दाबणं त्यांना शक्यच नव्हतं. मी मोबाईलवर शोधलं. लॅपटॉप बंद करून चालू केला, विंडोज सुरू व्हायच्या आधीच एक बटन टकटक दाबत राहिले, तेव्हा एक करडा पडदा उघडला. त्यात हॉटकी मोड नावाची ओळ होती, ‘चालू’वर. ती ‘बंद’वर नेली, सेव्ह केलं, बाहेर आले. पाच मिनिटंही लागली नाहीत. पाच मिनिटांचं काम होतं हो, आणि त्यापायी मी माझ्या बापाचा हात मोडला.

लॅपटॉप त्यांच्या प्लास्टरजवळ सरकवला. माझे दोन्ही हात मागे बांधून घेतले. बाबांनी बोट ठेवलं.

“अवं, इकडे ये ना वं जरा!”

“आली जी, आली,” आई आतून म्हणाली, पहिल्यासारखीच, आणि कणकेचे हात घेऊन दारात येऊन उभी राहिली. मग तिला कळलं, हाक बटनाची होती. ती तिथेच उंबऱ्यावर बसली.

बाबांनी बोटांनी वही खुणावली. मी पेन घेतलं. वेळ टाकली. ‘एक नंबर दाबले. आवाज आला. ती आली.’ बाबांचं बोट पुढच्या रकान्यावर गेलं. कारण. मी लिहिलं, ‘बटनाची सेटिंग.’

बोट हललं नाही. त्यांनी त्याच रकान्यावर पुन्हा टकटक केलं. रागाने नाही. कंट्रोल रूममध्ये नवीन पोरांनी अर्धवट नोंद केली की ते अशीच परत करायचे म्हणे. मला रडू फुटलं. मी त्याखाली लिहिलं, ‘वही वाचली नाही.’

त्यांनी ते वाचलं. सावकाश वाचलं. मग बोट उचलून सहीच्या रकान्यावर ठेवलं, आणि मी सही केली.