संदर्भाच्या मागे लागलेले ग्रंथपाल

आमच्या कॉलेजच्या ग्रंथपालांइतका छळवादी माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. मी समाजशास्त्रात एम.ए. करत होतो, प्रबंधाला गुन्हेगारीशास्त्रातला विषय घेतला होता, आणि त्याला लागणारे सगळे लेख ज्या ऑनलाइन डेटाबेसमध्ये होते, त्याचा पासवर्ड फक्त यांना ठाऊक. तो टाकताना ते अख्खा कीबोर्ड अंगानं झाकून बसत. कॉम्प्युटरला हात लावण्याआधी काय शोधायचं ते कागदावर लिहून द्यावं लागे. मी एकदा नुसतं 'गुन्हेगारी' लिहिलं, तर म्हणाले, "बजारात जाऊन 'सामान द्या' म्हनतं का रे तू?" आणि कागद परत. सापडलेल्या प्रत्येक लेखाचं ते हातानं कार्ड लिहीत आणि लाकडी खणात ठेवत, कारण लाइटीचा भरवसा नाही. पण खरा जाच पुढेच. लेखातलं एखादं वाक्य मला आवडलं रे आवडलं, की यांचं सुरू, "हे याले कोनं सांगतलं?" तळटीपेत दुसऱ्या लेखाचं नाव असे, तो उघडायचा, त्याच्या तळटीपेत तिसरा. मुळापर्यंत गेल्याशिवाय ते उठू देत नसत. माझी फुलसावंगीची एसटी यांच्यापायी कितीदा चुकली.

विषय माझाच तांडा होता. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहायचे. डेटाबेसात समाजाचं नाव टाकलं, तर लेखामागून लेख एकच सांगत होते: हे लोक परंपरेनं गुन्हेगार. वाचताना कानशिलं तापली. ग्रंथपालांनी मला आठवडाभर बसवलं. सगळ्या तळटीपा शेवटी इंग्रजांच्या काळातल्या कुणा पोलीस अधिकाऱ्याच्या टिपणाशी जाऊन थांबल्या. त्यात पुरावा एवढाच, की ही माणसं एका जागी राहत नाहीत. "पाह्य," ते म्हणाले, "एकानं लिवलं अन् बाकीच्याईनं उतरवून घेतलं. तू नोको उतरवू. हेच लिव."

माझ्या मार्गदर्शक प्राध्यापकांना घाई होती. "एवढे विद्वान चूक आणि तू एकटा बरोबर? संदर्भ टाक आणि जमा कर." मला नोकरी हवी होती. मी ते 'परंपरेनं गुन्हेगार'चं वाक्य, सगळ्या तळटीपांसकट, उतरवलं. प्रथम श्रेणी मिळाली, याडीनं, माझ्या आईनं, तांडाभर पेढे वाटले. प्रबंध इंग्रजीत, वाचणार कोण? एक प्रत ग्रंथपालांना द्यायला गेलो. त्यांनी नेमकं तेच पान उघडलं, वाचलं, आणि काहीच विचारलं नाही. शांतपणे कार्ड लिहिलं आणि खणात ठेवलं. त्यांनी चारचौघांत मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं.

आता मीही प्राध्यापक आहे, आणि तो प्रबंध डेटाबेसात. गेल्या महिन्यात आमच्याच तांड्यावरची एक विद्यार्थिनी तिचा कच्चा मसुदा घेऊन आली. तेच वाक्य, आणि तळटीपेत माझं नाव. "सर, बाकीच्याईवर इस्वास नोयता," ती आनंदानं म्हणाली, "पन आपल्याच मानसानं लिवलं, म्हनून घेतलं."

ग्रंथपाल निवृत्त होऊन मुकुटबनला राहतात. इतक्या वर्षांत मी एकदाही गेलो नव्हतो. फोन केला, सगळं सांगितलं. थकलेल्या आवाजात म्हणाले, "पोरीले घिऊन ये. ते वाक्य काहून खोडाचं, ते माह्यासमोर तूच सांग तिले."

येत्या रविवारी निघतो आहोत. सरांच्या गुरूंना भेटायचं म्हणून तिनं नवा ड्रेस शिवायला टाकलाय.