नाव न आलेलं बेट

आमच्या नकाशा कार्यालयात किनारेबुवांइतका नाकासमोर चालणारा माणूस दुसरा नव्हता, आणि मला त्याचाच वैताग यायचा. बत्तीस वर्षं ते फक्त किनारे काढत होते, म्हणून हे नाव. शेजारच्या टेबलावर बसून नकाशात नावं लिहायचं काम माझं. आमचा एक दंडक होता: काढणाऱ्यानं नाव ठेवायचं नाही. त्या जागी पाय ठेवून आलेल्या माणसाची चिठ्ठी आली, तरच नाव पडायचं. चिठ्ठी नाही, तर जागा कोरी.

हा दंडक बुवांनी घरीही नेला. लेकीसाठी ते एक खोटं जग काढत, सगळं पाणीच पाणी आणि मधे बेटं. लेक डोळे मिटून तिथं जाऊन यायची आणि चिठ्ठी द्यायची. वर गृहपाठाची खाडी, तिच्याखाली ‘आईला सांगू नका’, मग एकमेकींकडे पाठ करून बसलेली दोन बेटं, मोठी आत्या आणि धाकटी आत्या. खऱ्या आत्या महिनाभर फुगून होत्या.

अकराव्या वर्षी ताप डोक्यात गेला आणि लेक गेली. बुवा पाचव्या दिवशी कामावर हजर. डबा खाल्ला, किनारा काढला, घरी गेले. दोन वर्षं तसंच. वहिनी म्हणायच्या, "घरात असून नसल्यासारखे आहेत हो."

तो नकाशा एका प्रकाशकाला मीच दाखवला. नसता उद्योग. त्याला तो मुलांच्या पुस्तकात हवा होता. लेकीनं ठेवलेली नावं पोरं वाचतील, एवढ्यासाठी बुवा तयार झाले. पण दक्षिणेच्या टोकाला एक बेट कोरंच होतं.

"कोरं कसं छापू?" प्रकाशक म्हणाला. "लोक म्हणतील, चूक झाली. शुक्रवारपर्यंत नाव द्या, नाहीतर राहू दे."

शुक्रवारी मी एका चिठ्ठीवर लेकीचंच नाव लिहिलं आणि बुवांपुढे ठेवलं.

"हे घाला आणि मोकळे व्हा."

"ती तिथं गेलेली नाही."

"अहो, सगळा समुद्रच खोटा! कोण गेलंय तिथं?"

"बाकी ठिकाणी ती गेली होती." बुवांनी पेन पुसलं. "हे मी हॉस्पिटलात काढलं. ती गेली त्या दुपारी. कागदपत्रं व्हायला वेळ होता, हात रिकामे होते. तिनं हे पाहिलंच नाही."

आवाजात चढ नाही, उतार नाही. मला माझी चिठ्ठी गिळून टाकावीशी वाटली. खूप वाईट वाटलं, आणि त्यांचा रागही आला.

त्यांनी ब्लेड घेतलं आणि ट्रेसिंगवरचं ते बेट खरवडायला लागले. मी "बुवा, अहो" म्हणेपर्यंत अर्धं गेलंही होतं. मग भुकटी फुंकून त्यांनी कागद माझ्यापुढे धरला.

"दिसतंय का काही?"

"नाही," मी म्हणालो.

दिसत होतं.