अक्कांची कुजबुज

शेजारच्या अक्कांना कुजबुजता येत नसे. म्हणजे त्या कुजबुजत, पण तसं फक्त त्यांनाच वाटे. गल्लीला सगळं ऐकू जाई. त्यांच्या पुढच्या खोलीत चार यंत्रमाग होते आणि त्या खडखडाटात त्यांनी वीस वर्षं टॉवेल विणले होते. मागांवर आवाज चढवून बोलता बोलता त्यांचा गळा एकाच पट्टीत बसला होता. देवालासुद्धा त्या दरडावूनच काय ते मागत.

सोलापुरातल्या आमच्या घराची आणि त्यांची भिंत एकच. घरी त्या तेलुगू बोलत, आमच्याशी मराठी. भिंत एक म्हणजे घर एक, असा त्यांचा साधा हिशेब होता. सरळ स्वयंपाकघरात येत, आमटीची चव घेत आणि "वहिनी, मीठ कमी हाय की!" असं आईला सांगत. ही बातमी दारातल्या पोस्टमनलाही कळे. इंग्रजीत एवढे कमी गुण कसे, असं त्यांनी मला एकदा अगदी 'हळूच' विचारलं, तेव्हा समोरच्या किराणा दुकानदाराने माझ्याकडे बघून हळहळत मान हलवली होती. महिनाभर मी त्या दुकानात गेले नाही.

चौऱ्याहत्तर साली बाबांची बदली साताऱ्याला झाली. तिकडे बिऱ्हाड हलवायचं तर इथलं घर विकणं भाग होतं. बाबा पुढे जाऊन खानावळीत जेवू लागले. आई आणि मी गिऱ्हाइकाची वाट बघत मागे राहिलो. दुपारच्या वेळी दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. दोघांनीही मागांची खडखड ऐकून कानांवर हात ठेवले आणि काढता पाय घेतला. मग बाबांचं पत्र आलं. पोटात अल्सर झाला होता आणि डॉक्टरांनी घरचंच जेवण सांगितलं होतं. आईने पत्र वाचून दाखवलं तेव्हा अक्का चवीला घेतलेली आमटी तशीच ठेवून घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पदर खोचून हजर. "वहिनी, आता येईल त्या गिऱ्हाइकाला घर इकायचंच. माग बंद ठेवते की मी!"

"अहो, तुमचं काम बुडेल," आई म्हणाली.

"तुमी गप बसा."

मग दोन दिवस त्यांनी आम्हाला राबवलं. चुन्यात नीळ जास्त पडून माजघर निळंशार झालं, तर "गार वाटतंय की!" म्हणाल्या. गळक्या नळाला चिंधी बांधली. कुरकुरणाऱ्या दाराला माझं केसांचं तेल पाजलं. राहता राहिली स्वयंपाकघराच्या भिंतीतली ओल. तिच्यापुढे आम्ही दोघींनी ज्वारीची कोठी ओढून आणली. ही लपवाछपवी मला मुळीच पटत नव्हती. पण बाबांचं पत्र आठवलं की मीच कोठी आणखी दोन बोटं सरकवायची.

गिऱ्हाईक आलं ते म्हणजे गिरणीतून रिटायर झालेले एक जॉबर, म्हणजे मुकादम, आणि त्यांची बायको. शेजारचे माग बंद होते. आई खोल्या दाखवत होती, पण म्हातारे तोंडातून शब्द काढत नव्हते. सगळी उत्तरं बायकोच देत होती. यांना घर पसंत नाही असं वाटून आईचा चेहरा उतरला. तेवढ्यात अक्कांनी मागच्या दारातून डोकं आत घातलं आणि आईच्या कानाशी लागून विचारलं, "वहिनी, कोठीमागची ओल दिसली न्हाय ना त्यास्नी?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

म्हातारे गर्रकन वळले. "कुटं हाय ओल?"

त्यांची बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. "अगं बया! तुमास्नी ऐकू आलं व्हय!"

गिरणीच्या साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, तीस वर्षं मागांपुढे उभं राहून त्यांचे कान गेले होते. घरी त्यांच्याशी बोलून बोलून तिचा घसा बसायचा. म्हणजे यांच्यापायी माग बंद ठेवायची मुळी गरजच नव्हती! म्हाताऱ्यांनी कोठी बाजूला केली, ओलीवर बोटं वाजवून पाहिली. "मोरीचं पाणी मुरतंय. करतो मी नीट," म्हणाले, आणि मग अर्धा तास अक्कांशी मागांबद्दल बोलत उभे राहिले. जाताना बायको आईला म्हणाली, "घेतो आमी घर. यांच्याशी बोलाय कुणीतरी भेटलं बाई."

सामान ट्रकमध्ये चढलं त्या दिवशी अक्का आल्या आणि आईचा हात धरून म्हणाल्या, "वहिनी, पहिली दोन गिऱ्हाइकं मीच घालवली. दुपारचे दोनच माग चालतात माझे. तुमच्याकडं कुणी आलं की मी चारी चालू करायची. भाऊ तिकडं खानावळीत जेवून आजारी पडतील असं वाटलं नव्हतं हो."

माझं डोकंच फिरलं. तिकडे बाबा खानावळीचं तिखटजाळ खात होते आणि इकडे हे चाललं होतं! मी तोंड उघडणार एवढ्यात आई म्हणाली, "मी काय बहिरी होते, अक्का? दोन माग कुठले आणि चार कुठले, कळत नव्हतं मला? मला तरी कुठं जायचं होतं तेव्हा!"

आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. माझा राग कुठे गेला कोण जाणे, मीही रडत होते.

साताऱ्याला आईच्या हातचं जेवून बाबांचं पोट महिन्याभरात ताळ्यावर आलं. घर विकायला एवढा उशीर का झाला, असं ते पुढे कितीदा तरी विचारायचे. "गिऱ्हाईकच मिळत नव्हतं," आई सांगायची. मी शेजारी बसून मान डोलवायची.